देशोदेशीच्या नोटांचा संग्रह कसा सुरू करावा

जगातल्या प्रत्येक देशाची निदान एक तरी नोट जमवायची, या इच्छेने बहुतेक जण या छंदाकडे वळतात. सुरुवातीला तसे करण्यात काहीच गैर नाही, कारण तऱ्हेतऱ्हेच्या नोटा हाताखालून गेल्याशिवाय आपला ओढा नेमका कशाकडे आहे हे कळत नाही. वर्षभरानंतर मात्र एखादा विषय धरावा: पक्षी, आता नकाशावर नसलेले देश किंवा भडकलेल्या महागाईचा काळ. १९२३ साली जर्मनीत निघालेल्या अनेक नोटांची मागची बाजू कोरी आहे, कारण पैशाची किंमत इतक्या झपाट्याने घसरत होती की दोन्ही बाजू छापण्याइतकी उसंत नव्हती. अशी नोट हातात घेतली की तो काळ जितका जवळून कळतो, तितका वाचून कळत नाही असा माझा अनुभव आहे.

नोटेची किंमत दुर्मीळपणाइतकीच तिच्या अवस्थेवर ठरते, म्हणून नोट पारखायला आधी शिकावे. एकही घडी न पडलेली, टोकदार कोपऱ्यांची, चलनात कधीच न फिरलेली नोट सर्वांत वरच्या दर्जाची मानली जाते. नोट दिव्याखाली तिरपी धरून सावकाश फिरवली, तर समोरून न दिसणारी घडीही बारीक रेघेसारखी उमटते. काही विक्रेते नोट धुऊन, दाबून नवी भासवतात. अशा वेळी छपाईवरून बोट अगदी हलके फिरवावे. जिथे शाईचा उंचवटा लागायला हवा तिथे सपाटपणा लागला, तर संशय घ्यावा. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरीही उपयोगी पडते, कारण नोटेचा मूळ कागद त्या प्रकाशात सहसा मंदच राहतो, तर कपडे धुण्याच्या पावडरीतील चमक आणणारी द्रव्ये शिरलेला कागद निळसर उजळतो. आपल्याजवळची नोट कितीही मळकट असली तरी ती धुऊ नये, इस्त्री करू नये आणि फाटली असल्यास चिकटपट्टी लावू नये.

साठवणुकीसाठी पॉलिस्टरचे कप्पे घ्यावेत. पीव्हीसीचे पाकीट स्वस्त पडते, पण काही वर्षांत त्यातून चिकट द्रव्य पाझरू लागते आणि त्याचे नुकसान भरून काढता येत नाही. १९८८ साली ऑस्ट्रेलियाने प्रथम काढलेल्या पॉलिमर नोटेसारख्या प्लॅस्टिकच्या नोटांना ओलाव्याचे भय कमी असले, तरी उष्णतेने त्या आक्रसतात. अल्बम उन्हापासून दूर, कोरड्या जागी उभा ठेवावा.

नोंदवही पहिल्या नोटेपासूनच ठेवावी. देश, दर्शनी मूल्य, वर्ष, स्वाक्षरी, अनुक्रमांक, खरेदीची तारीख व किंमत यांबरोबर पिक क्रमांकही लिहावा. अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या नावाने ओळखली जाणारी ही क्रमांकपद्धती जगभरचे विक्रेते वापरतात. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन नोटा केवळ स्वाक्षरी बदलल्यामुळे वेगळ्या प्रकारांत मोडतात, त्यामुळे दूरच्या विक्रेत्याकडून घेताना दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे आणि तिरप्या प्रकाशातले एक छायाचित्र पैसे देण्यापूर्वीच मागून घ्यावे.