सेटिंग बदलल्यावर व्हर्च्युअल मशीन सारखं रिस्टार्ट होतंय?

सेतू केंद्रातल्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज ७ ठेवलेलं असतं. वेग वाढावा म्हणून त्याची डिस्क आयडीई या जुन्या जोडणीवरून साटा (SATA) या नव्या जोडणीवर नेली, की मशीन लोगो दाखवतं अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लगेच विंडोज नव्यानं टाकायला घेऊ नका, डेटा जसाच्या तसा असतो.

१. सुरू होताच एफ८ दाबत राहा. 'डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट' निवडा. आता निळा पडदा थांबेल, कोड वाचा.

२. शेवटी ७बी असेल तर दोष डिस्कचाच: साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये बंद आहे. मशीन पॉवर ऑफ करा, सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये व्हीडीआय फाइल (मशीनची आख्खी डिस्क हीच) साटावरून काढून आयडीईला जोडा. मशीन उठेल.

३. साटाच हवं असेल तर मशीनमधल्या विंडोजमध्ये रेजएडिट (regedit, विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचा प्रोग्राम) उघडा. HKEY_LOCAL_MACHINE, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, एमएसएएचसीआय (msahci, साटाचा ड्रायव्हर) इथं 'स्टार्ट'ची किंमत ३ ची ० करा. बंद करून मगच साटावर न्या.

कोड दुसराच निघाला तर मशीनच्या सेटिंग्जमध्ये सिस्टमखाली आयओ एपिक (I/O APIC) या पर्यायाची खूण पाहा. विंडोज टाकल्यावर ती काढली तर मशीन चालत नाही. रॅमही तपासा, ८ जीबीच्या संगणकावर ६ देणं म्हणजे मूळ विंडोजलाच उपाशी ठेवणं. ३ पुरे.

हात लावण्याआधी व्हीडीआयची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, तीही मशीन पूर्ण बंद असताना. पेनड्राइव्ह एनटीएफएस असावा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. अन् दुपारी लाइन जाते त्या वेळेत हे काम काढू नका.