आधी गाडी वाचायला शिका

माझ्या वाट्याला आलेली पहिली जुनी गाडी म्हणजे मॉरिस मायनर 1000, 948 सीसीच्या इंजिनाची छोटी ब्रिटिश गाडी. बरीच वर्षं एका शेडमध्ये, टायरमध्ये हवा नसताना, तशीच उभी होती. तिच्या बॉनेटच्या मधोमध, पुढून मागे, साधारण चार इंच रुंदीची सपाट पट्टी आहे. बाकी सगळी गाडी गोलसर आणि मधेच ही पट्टी. मला वाटलं, अपघातानंतर कुणीतरी दोन तुकडे जोडताना मधे पत्रा घातलाय. पुट्टी भरून गोलाई एकसारखी करायची, असं मी वहीत लिहूनही ठेवलं. आमच्या वर्कशॉपमधल्या मुख्य कारागिरांना सगळे काका म्हणतात. त्यांनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, "दुसऱ्या कुठल्या मायनरचं बॉनेट पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तिचे डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिस यांना ही गाडी तयार होत आली असताना फार अरुंद वाटली. त्यांनी नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली, दोन्ही भाग हळूहळू लांब सरकवून पाहिले, आणि चार इंच वाढवल्यावर ती डोळ्यांना बरी दिसली. 1948 मध्ये गाडी बाजारात आली ती हे चार इंच अंगावर घेऊनच. बंपर आधीच तयार झाले होते, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधे कापून त्यांतही तुकडा घालावा लागला. मी जी पट्टी बुजवायला निघाले होते, ती या गाडीची सगळ्यात ओळखीची खूण होती.

या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी म्हणून आधी वाचायला बसवते. त्या मॉडेलचं कंपनीनं छापलेलं वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांची यादी, त्या काळातले फोटो. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या प्रत्यक्ष पाहा, आणि त्यातली एक तरी कुणी हात न लावलेली असू द्या. नुकतीच चकचकीत केलेली गाडी बघून शिकू नका. तिच्यावरचे निम्मे नट-बोल्ट बदललेले असतात आणि ते बदललेत हे तुम्हाला ओळखता येत नाही.

शब्दांबद्दल थोडं. बोलताना आपण प्रत्येक जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. ब्रिटिश परंपरेत व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 च्या अखेरपर्यंत बनलेली गाडी, आणि 1904 पर्यंतची ती व्हेटरन. त्या हिशेबानं माझी मायनर क्लासिक ठरते. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा किमान 30 वर्षं वयाची अट घालते आणि गाडी तिच्या मूळ रूपाला धरून सांभाळलेली असावी असं म्हणते. त्याच संघटनेची 2012 ची ट्युरिन सनद या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. जतन, डागडुजी आणि पूर्ण पुनर्बांधणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यातून नीट समजलं. ज्या सीटचं मूळ कातडं फक्त कोरडं पडलंय, ते फाडून नवं घालणं म्हणजे पुनर्बांधणी नव्हे. ते नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता गाडी खोलण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात एकही बोल्ट सोडवू नका. त्या आठवड्यात फोटो काढा, भरपूर काढा, आणि मोजा. दाराची फट वर किती, खाली किती, मागच्या कडेला किती, हे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. इंजिन नंबर, बॉडी नंबर, सगळ्या पाट्या. कार्पेटखाली, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या रबराखाली कारखान्यातला मूळ रंग सापडतो, त्याचाही फोटो. मग खोलायला सुरुवात. सुटलेला बोल्ट शक्य असेल तिथे त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेवा. नाहीतर छोट्या पिशवीत, कुठून काढला ते लिहून. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी. दाराच्या बिजागरीखाली किंवा बॉडीच्या माउंटिंगखाली पातळ पत्र्याच्या शिमा निघतात. त्या कचरा समजून फेकल्या जातात, आणि आठ महिन्यांनी दार का बसत नाही हे कुणालाच कळत नाही. मेंदूवर भरवसा ठेवू नका. गाडी जोडायला घ्याल तेव्हा एक वर्ष उलटलेलं असेल.

गंज हा या कामाचा खरा अभ्यासक्रम. मायनरला वेगळी चॅसिस नाही. बॉडीचा पत्राच भार उचलतो. त्यामुळे दाराखालच्या सिल, गाडीच्या तळाखालची आडवी पट्टी म्हणजे क्रॉस मेंबर, मागचे पाटे जिथे अडकतात ते हँगर, एवढी ठिकाणं गेली की गाडी दिसायला कितीही छान असली तरी आतून खचलेली असते. शोधायचं कसं? लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून टोचा. चांगला पत्रा टणक वाजतो, गेलेला पत्रा दबका आवाज करतो आणि टोक आत जातं. रंगावर बारीक फोड दिसत असेल तर खात्री बाळगा, गंज आतून बाहेर आलाय. तो सुरू झाला तेव्हा बाहेर काहीच दिसत नव्हतं.

इथे माझ्या हातून जे झालं ते सविस्तर सांगते, कारण ही चूक फार जण करतात. मायनरची डावी सिल पार गेली होती, उजवी अर्धी. मी दोन्ही एकाच दिवशी कापल्या. गाडी दोन जॅकवर होती, दोन्ही जॅक पुढच्या बाजूला. संध्याकाळी नवा पत्रा लावून वेल्डिंगचे टाके मारले आणि घरी गेले. सकाळी दार लावून पाहिलं तर वरच्या कोपऱ्यात फट उरलीच नव्हती आणि खाली बोट जाईल एवढी झाली होती. आधार कापला गेल्यावर सगळा सांगाडा मधून खाली बसला होता आणि मी त्याच वाकड्या स्थितीत नवी सिल जोडली होती. सगळे टाके परत कापावे लागले. काका ओरडले नाहीत. त्यांनी दाराच्या चौकटीत आडवा-तिरका लोखंडी अँगल वेल्ड करून दाखवला, गाडी चार ठिकाणी सारख्या उंचीवर टेकवली, आणि माझ्याच वहीतल्या दाराच्या फटींचे आकडे वाचत वाचत तिला पूर्वीच्या जागी आणलं. ते आकडे लिहून ठेवले नसते तर परत यायला खूणच नव्हती. म्हणून क्रम असा: आधी आतून अँगलचे आधार लावा, मग एकच बाजू कापा, ती पूर्ण जोडा, दार बसवून पाहा, आणि त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात लावा. सलग वेल्डिंग ओढू नका, पत्रा तापून वाकतो. थोडं इथे, थोडं तिथे, मधे थंड होऊ द्या.

इंजिनाची भीती नव्या माणसाला जास्त वाटते. मला विचाराल तर इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग, कारण तिथे प्रत्येक गोष्टीचं माप छापलेलं आहे. जाम झालेलं इंजिन जोर लावून फिरवायचं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस थांबा, मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून मागे-पुढे अगदी थोडं हलवा. या 948 सीसी इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 62.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 76.2. बोअर वर, मधे आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजा. गोलाई गेली असेल तर तो वाढवून मोठे पिस्टन घालावे लागतात. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर 0.012 इंच, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. हे पाठ करण्याची गरज नाही, पण हात फिरता फिरता पाठ होतं आणि त्याचा आनंद मोठा असतो. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलंच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. ही हेड शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. शिसं सीटचं रक्षण करायचं, आताच्या पेट्रोलमध्ये ते नाही आणि सीट हळूहळू झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो.

बॅटरी जोडताना थांबून बघा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांप्रमाणे मायनरलाही पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांच्या सवयीनं हात उलटा जातो.

आट्यांबद्दलही असंच. पुढे 1930 च्या दशकातली एक ब्रिटिश गाडी आली तेव्हा माझे सगळे पाने निरुपयोगी ठरले. तिला व्हिटवर्थ आटे होते. त्या आट्याचा कोन 55 अंशांचा, नंतर आलेल्या युनिफाइड आट्याचा 60. पाव इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये आणि युनिफाइडच्या जाड आट्यांतही इंचाला 20 आटे असतात, म्हणून चुकीचा नट सुरुवातीला मुकाट चढतो. नीट मात्र कधीच बसत नाही, आणि जोर दिला की आटे जातात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, हेही तेव्हाच समजलं.

काही गोष्टींत मी नव्या मुलांना अजिबात सूट देत नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं बंद पिशवीत टाकायचं. जुन्या रंगात शिसं असतं, घासायचं तर पाण्यानं. टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. आणि पेट्रोलची टाकी, रिकामी दिसली तरी, तिला वेल्डिंगची ज्योत लावायची नाही. आतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. ब्रेकच्या बाबतीत "चालतंय की" हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, सांगाड्याच्या पोकळीत बसवलेला आहे. काढायला त्रासदायक, म्हणून वर्षानुवर्षं कुणी काढत नाही, आणि उघडला की आत गंजाचे खड्डे सापडतात.

पुढच्या चाकांच्या ट्रुनियनचंही तसंच. चाक वळवताना आट्यांवर फिरणारा हा सांधा ग्रीसवर जगतो. ग्रीस नसेल तर आटे झिजतात, एके दिवशी हा सांधा निखळतो आणि चाक गाडीखाली दुमडतं. दोन्ही बाजू खोलून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

हे काम पोटासाठी करायचं असेल तर कुठून सुरुवात करावी, असं बरेच जण विचारतात. मी मेकॅनिकल डिप्लोमा करून तीन वर्षं नव्या गाड्यांवर काम केलं होतं. त्याचा इंजिन-गिअरबॉक्सला उपयोग झाला, पत्र्याला शून्य. माझा सल्ला उलटा आहे: आधी पत्रा शिका. हातोडी आणि डॉलीनं (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यानं) पत्रा सरळ करणं, पातळ पत्र्याचं वेल्डिंग, या दोन गोष्टींना वर्ष-दीड वर्ष द्या. इंजिनवाले मिळतात, पत्रा जाणणारे मिळत नाहीत. लेथवर बुश काढता आला तर सोन्याहून पिवळं, कारण न मिळणारा भाग शेवटी कुणाला तरी बनवावाच लागतो. लाकडी सांगाड्याच्या गाड्यांसाठी सुतारकाम, सीटसाठी शिवणकाम, ही वेगळी कौशल्यं आहेत. सगळी एका माणसाला येत नाहीत. पण दुसऱ्याचं काम चांगलं झालंय की नाही एवढं ओळखता यायला हवं.

मायनरला चौदा महिने लागले. शेवटच्या दिवशी चावी फिरवली तेव्हा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टकटक वाजायला लागला. या पंपाचं वागणं साधं आहे. कार्ब्युरेटरची वाटी भरेपर्यंत तो वाजतो आणि भरली की थांबतो. थांबलाच नाही तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा पेट्रोल वाहून जातंय. टकटक मंदावत गेली, दोन टोल्यांमधलं अंतर वाढलं, आणि मग शांतता. काका बॉनेटच्या बाजूला उभे होते, हात त्या सपाट पट्टीवर. "आता मार," ते म्हणाले.