किराईत मलेरियावर चालतं का हे लॅबमध्ये कसं बघायचं

कोकणात ताप आला की किराईताचा काढा ठरलेला, त्यामुळे प्रोजेक्टला हेच घेऊ असं बऱ्याच जणांना वाटतं. घ्या, पण आधी झाड पक्कं करा. ओलं किराईत म्हणजे अँड्रोग्राफिस, काडेकिराईत म्हणजे स्वर्शिया, ते हिमालयातलं, दोन्ही कडूजहर आणि दुकानात दोन्ही नुसतं 'किराईत' म्हणून मिळतं. म्हणून बाजारातली पुडी नकोच, स्वतः गोळा करा, फुलासकट फांदी दाबून हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा, नंबर घ्या.

मग अर्क. खरा घोळ इथेच होतो. चीनमध्ये तू योयो या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमला चिंगहाओ या औषधी झाडाचा मलेरियावरचा रिझल्ट कधी यायचा कधी नाही, मग चौथ्या शतकातल्या को हुंगच्या ग्रंथात दिसलं की पाला पाण्यात भिजवून पिळायचा आणि रस प्यायचा, उकळायचं कुठेच नाही! मग ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला आणि 1971 मध्ये उंदरांचा मलेरिया पूर्ण गेला. म्हणून काढा, थंड पाण्यातला अर्क आणि मिथेनॉलचा अर्क असे तिन्ही वेगवेगळे करा, सावलीत वाळवलेल्या पाल्याचे.

टेस्टसाठी फाल्सिपेरमचं, म्हणजे मलेरियाच्या परजीवीचं, लॅबमध्ये वाढवलेलं कल्चर लागतं, ते माणसाच्या लाल पेशींवर वाढतं, त्यामुळे ते जिथे आधीपासून चालू आहे अशाच लॅबमध्ये जा. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला दाद देणारा एक स्ट्रेन, म्हणजे वाण (3डी7) आणि एक न देणारा (के1) घ्या. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, पण प्लेटच्या प्रत्येक खळग्यात (वेलमध्ये) डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या खालीच ठेवा, मिलीला 100 मायक्रोग्रॅमपासून निम्मं निम्मं करत खाली या, 72 तासांनी सायबर ग्रीन, हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग. लाल पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे चमकतो तो डीएनए परजीवीचाच. क्लोरोक्विन, नुसतं डीएमएसओ आणि इन्फेक्शन नसलेल्या पेशी हे कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवेतच.

आकडा छान आला तरी नाचू नका, अर्कात सॅपोनिन (साबणासारखा फेस देणारं द्रव्य) असेल तर लाल पेशीच फुटतात आणि परजीवी आपोआप मरतो, हिरव्या अर्काचा रंगही रीडिंगमध्ये घोळ घालतो, म्हणून गिम्सा रंग लावलेली रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघा. आयसी50, म्हणजे परजीवीची वाढ निम्म्यावर आणणारा डोस, मिलीला 10 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तोच अर्क माणसाच्या पेशींवर, म्हणजे एचईके293 वगैरेंवर टाका, त्या मरायला निदान दहापट डोस लागला पाहिजे. तेवढं जमलं तरच एथिक्स कमिटीची परवानगी काढून उंदरांवर बर्घेईची (उंदरांच्या मलेरियाच्या परजीवीची) चार दिवसांची टेस्ट. आणि हे सगळं चालू असताना घरात कोणाला थंडी वाजून ताप आला तर सरळ रक्त तपासून गोळ्या, तुमचा अर्क फ्रीजमध्येच राहू द्या.