साध्या कॅमेऱ्यात खो-खोची डाइव्ह कशी पकडायची

महागडी लेन्स नाही म्हणून थांबू नका, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या १८-५५ लेन्सवर पण भारी फोटो येतात. सोलापूरच्या उन्हात दुपारी चारला शटर १/१००० सेकंद सहज मिळतं, ऊन उतरलं की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, १६०० करा, फोटोत दाणे आले तरी चालतील पण हललेला फोटो काही कामाचा नाही. आणि पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवू नका, खांब जागेवरच असतो, त्यावर आधी फोकस करून तो मॅन्युअलला टाका म्हणजे तिथेच राहतो, सूर्य पाठीशी घेऊन गुडघ्यावर बसा, अन् खांब धरून पोरगं आडवं व्हायच्या जरा आधीच बटण दाबा, एका दमात सलग तीन-चारच फोटोंचा बर्स्ट, नाहीतर कॅमेरा सेव्ह करत बसतो आणि खरी डाइव्ह हातची जाते. ताणलेली बोटं, उडालेली माती, सगळं येतं बघा!