तीनचाकी एटीव्ही हिवाळ्यासाठी उभी करताना: आधी पेट्रोल कॉक

मागच्या हिवाळ्याआधी मी माझ्या तीनचाकी एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत रानवाटांवर चालणाऱ्या गाडीचं, सगळं केलं होतं. ऑइल बदललं, चेनला वंगण दिलं, बॅटरी काढून घरात आणली, वरून पांघरूणही घातलं. पेट्रोल कॉक तेवढा चालू राहिला. टाकीतून इंजिनाकडे जाणारं पेट्रोल सोडणारी-अडवणारी टाकीखालची बोटाएवढी कळ, ती ऑनवरून ऑफवर फिरवायची राहिली आणि थंडी सरल्यावर इंजिन खोलावं लागलं. म्हणून या यादीत कॉक पुन्हा पुन्हा येणार आहे. प्रत्येक वेळी वाचा.

दुरुस्तीला थंडीच्या निदान महिना-दीड महिना आधी हात घाला, कारण सुटे भाग चटकन मिळत नाहीत. होंडाने आपली यूएस90 ही तीनचाकी 1970 मध्ये अमेरिकेत विकायला काढली, पुढे तिचंच नाव एटीसी90 झालं. 1980 च्या दशकात अशा गाड्यांचे अपघात फार वाढले. शेवटी तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी कंपन्यांचा समझोता झाला आणि 1988 पासून नव्या तीनचाकींची विक्री तिथे बंद झाली. म्हणजे आपल्या हातातली गाडी त्या काळची किंवा त्याहून जुनी. लोखंड टिकतं हो, रबर टिकत नाही. ऑइल सील, इनटेकचा रबरी पाइप, कॉकच्या आतला वायसर, कार्बोरेटरमधल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातल्या) फ्लोटच्या सुईचं टोक, सगळं कडक झालेलं असतं. हे भाग आधी मागवून ठेवा, मग पाना उचला.

धुणं तुम्हाला माहीत आहे. फक्त प्रेशर पंपाचा फवारा मागच्या एक्सलच्या सीलवर धरू नका, पाणी थेट बेअरिंगमध्ये जातं.

मागचा भाग उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि दोन्ही चाकं धरून वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर एक्सलची बेअरिंग गेली. या गाड्यांना मागे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसतं, दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असतात आणि बहुतेक जुन्या मॉडेलना मागे सस्पेन्शनही नसतं. दगडाचा प्रत्येक दणका सरळ बेअरिंगवर येतो. हबचे नटही तपासा. ते सैल राहिले तर एक्सलवरचे दाते झिजतात, आणि तसा एक्सल कितीही आवळला तरी पुन्हा धड होत नाही. ब्रेकचा ड्रम उघडाच. माझ्या ड्रममध्ये तपकिरी चिखल निघाला होता, लायनर त्यातच चिकटून बसले होते. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

टायरबद्दल एवढंच की हे फुगे आहेत, मोटारीचे टायर नव्हेत. बहुतेकांना 2 ते 3 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते, नेमका आकडा टायरवर किंवा गाडीवरच्या पट्टीवर असतो. साध्या गेजवर एवढा कमी दाब दिसतच नाही, कमी दाबाचं गेज घ्या. हवा हातपंपाने भरा. मोठ्या कॉम्प्रेसरने टायर क्षणात जास्त फुगतो आणि फुटू शकतो.

आता कॉक. बंद करायच्या आधी तो खरंच बंद होतो का, ते बघा. कळ ऑफवर करा, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवा आणि त्याचं टोक एका काचेच्या बाटलीत सोडून रात्रभर ठेवा. जागा मोकळ्या हवेची हवी, जवळपास कुठलीही ज्योत किंवा ठिणगी नको. सकाळी बाटलीच्या तळाला थेंबभर जरी पेट्रोल दिसलं तरी आतला वायसर बदला. रात्रीचा एक थेंब म्हणजे चार महिन्यांत किती, हिशेब तुम्हीच करा.

यावर एवढा जोर का, ते सांगतो. कॉक चालू असला की पेट्रोल अडवायला उरते फक्त फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याने वर ढकललेली, पेट्रोलची वाट बंद करणारी सुई. नव्या गाडीत ती पुरते. जुन्या गाडीत सुईच्या टोकाला खाच पडलेली असते, किंवा बसायच्या जागेवर कचऱ्याचा कण अडकलेला असतो. मग पेट्रोल थेंबाथेंबाने वाटीत चढत राहतं. वाटी भरली की ते ओव्हरफ्लोच्या नळीने जमिनीवर पडायला हवं, म्हणजे निदान वासाने तरी कळतं. माझ्या गाडीची ती नळी चिखलाने बुजलेली होती. पेट्रोलने दुसरी वाट धरली: इनटेकमधून सिलिंडरमध्ये, आणि तिथून पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये.

चार महिन्यांनी मी टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोल निम्म्यावर आलेलं. मला वाटलं, उडून गेलं असेल. तिथेच थांबायला हवं होतं. इंजिन चालू करायची दोरी ओढली तर ती मध्येच दगडासारखी अडली. मी प्लग काढला, सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल बाहेर काढलं, प्लग परत लावला आणि इंजिन चालू केलं. पाच-सात मिनिटं चाललं, मग खालून ठकठक यायला लागली. तेव्हा कुठे डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं होतं, काठीवरून पाण्यासारखं ओघळत होतं आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास होता. त्या पाण्यावर इंजिन चालवलं होतं मी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं, कॅमशाफ्ट जिथे फिरते तिथल्या ॲल्युमिनियमवर चरे पडले. एवढं सगळं एका कळीपायी. कॉक बंद करा.

तेव्हा सुई आणि तिची सीट दोन्ही बदला, ओव्हरफ्लोची नळी फुंकून मोकळी करा. कार्बोरेटर उघडलाच आहे तर जेटही (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ करा, पण तार घालून नाही. भोक कणभर जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. क्लीनरचा स्प्रे आणि हवा, बस्स.

उभी करायच्या दिवशी क्रम चुकवू नका. पत्र्याची टाकी जवळजवळ भरून घ्या, रिकाम्या जागेत ओल धरते आणि गंज चढतो. इथेनॉलवालं पेट्रोल तर पाणी ओढूनच घेतं. त्यात पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका. मग इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोचतो. नुसता टाकीत ओतून काही उपयोग नाही. ऑइल गरम आहे तोवरच काढा आणि नवीन भरा. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसू देऊ नये.

माझी चूक नेमकी इथे झाली. ऑइल बदललं, नवीन ऑइल फिरावं म्हणून इंजिन पुन्हा चालू केलं, त्यासाठी कॉक उघडला आणि मग किल्लीने बंद करून आत गेलो. किल्लीने इंजिन बंद होतं, पेट्रोल नाही. म्हणून शेवटच्या वेळी इंजिन किल्लीने बंद करूच नका. चालू इंजिनावर कॉक ऑफ करा आणि ते आपोआप मरेपर्यंत उभे राहा. ते मेलं याचा अर्थ कॉक बंद झाला, ही दुसरी खातरजमा. मग वाटीखालचा ड्रेन बोल्ट सैल करून उरलेलं पेट्रोल छोट्या डब्यात काढा, नाहीतर ते आटून जेटमध्ये चिकट थर बसतो. बोल्ट हलक्या हाताने आवळा, आटे मऊ असतात.

प्लग काढा, सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल टाका, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढा, प्लग लावा. मग जड लागेपर्यंत ओढून तिथेच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, ओल आत जात नाही.

बॅटरी असेल तर आधी निगेटिव्ह काढा. भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा मोजा, 12.4 व्होल्टच्या खाली गेली तर चार्ज करा. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि फुटते.

एअर फिल्टरचा फोम बोटाने चुरला तर नवीन घाला. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरच्या डब्याच्या) नळीत स्टीलचा काथ्या कोंबा, उंदरांसाठी. कोंबलाय अशी चिठ्ठी हँडलला बांधा आणि त्याच चिठ्ठीवर लिहा: कॉक बंद, तारीख अमुक. तारीख कॉकला हात लावून बघितल्यावरच घाला.

चेन, केबल, वंगण. चाकं जमिनीपासून वर. कापडी पांघरूण, प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

थंडी गेल्यावर काथ्या काढा, टाकीतलं पेट्रोल बघा, डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल खुणेच्या वर असलं तर दोरीला हात लावू नका, आधी सगळं ऑइल काढून टाका. वास नसेल तर कॉक उघडा, वाटी भरायला मिनिटभर द्या, चॉक ओढा आणि मग दोरी.