एक पार्टी, एक डेस्कटॉप

सीए ऑफिसात नव्याने आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची प्रत्यक्ष कामाची ट्रेनिंग, सुरू केली की टॅली हे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, एक्सेल, जीएसटी पोर्टल सगळं कुणीतरी शेजारी बसून शिकवतं. पण हे सगळं एकाच वेळी उघडलेलं असताना स्क्रीनवर मांडायचं कसं, ते कुणी सांगत नाही. माझ्या मते ते पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावं.

१४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता, येतं आणि मासिक रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या दिवसांत मिलानाची, म्हणजे २बी आणि आपली खरेदीची नोंद ताडून बघण्याची, गर्दी. प्रत्येक पार्टीमागे, म्हणजे क्लायंटमागे, टॅलीतलं पर्चेस रजिस्टर, २बीची एक्सेल, पोर्टल, शिवाय सप्लायरच्या बिलांच्या पीडीएफ. तीन पार्ट्या एकदम उघडल्या की टास्कबारवरची कुठली एक्सेल कुणाची तेच कळेनासं होतं. जीएसटीआयएनवरून, म्हणजे जीएसटी नोंदणीच्या नंबरवरून, ओळखू म्हणावं, तर महाराष्ट्रातल्या सगळ्यांचे नंबर २७नेच सुरू होतात. म्हणून फाइल डाउनलोड झाल्याबरोबर नावाच्या सुरुवातीला पार्टीचं नाव घाला. एका पार्टीचं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दुसरीच्या ३बीत गेलं तर त्याचं कारण कायद्याचं अज्ञान नसतं, समोर चुकीची विंडो असते.

यावर सगळ्यात चांगला उपाय विंडोज १०पासून कॉम्प्युटरमध्येच आहे. विंडोज-की, कंट्रोल आणि डी एकत्र दाबा, नवा कोरा डेस्कटॉप उघडतो. विंडोज-टॅब दाबून त्याला पार्टीचं नाव द्या आणि तिच्या सगळ्या फाइल्स तिथेच उघडा. विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एका पार्टीवरून दुसरीवर जाता येतं. ऑल्ट-टॅबमध्येही फक्त त्याच डेस्कटॉपच्या विंडो दिसाव्यात, यासाठी सेटिंग्जमध्ये सिस्टिमखालचं मल्टिटास्किंग एकदा बघून घ्या.

पोर्टलचं मात्र वेगळं आहे. डेस्कटॉप बदलला तरी ब्राउझरचं लॉगिन तेच राहतं. त्यामुळे दोन पार्ट्यांचं पोर्टल एकदम लागणार असेल तर ब्राउझरमध्ये वेगवेगळी प्रोफाइल करा. नाहीतर एकीचं लॉगआउट केल्याशिवाय दुसरीचं उघडूच नका.

एका डेस्कटॉपवर मी डावीकडे २बी आणि उजवीकडे टॅली ठेवतो. विंडोज-की आणि बाण दाबला की विंडो अर्ध्या स्क्रीनवर चपखल बसते. विंडोज ११मध्ये विंडोज-झेड दाबून तीन-चार भागही करता येतात, पण लॅपटॉपच्या स्क्रीनवर दोनच्या पुढे आकडे वाचवत नाहीत. एक्सेलमध्ये दोन फाइल्स शेजारी लावून एकदम स्क्रोल करायची सोय आहे. २बी आणि रजिस्टरच्या ओळींचा क्रम जुळत नाही, त्यामुळे मिलानाला तिचा उपयोग नाही. मागच्या महिन्याचं वर्किंग (हिशेबाची एक्सेल) आणि या महिन्याचं एकाच फॉरमॅटमध्ये असेल तर मात्र ती फार कामाची आहे.

दुसरा मॉनिटर मिळाला तर जरूर घ्या. त्याने जागा वाढते, पार्ट्या वेगळ्या होत नाहीत, म्हणून डेस्कटॉप तरीही वेगळेच ठेवा.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला की डेस्कटॉप आणि त्यांची नावं राहतात, विंडो मात्र आपणहून परत उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक पार्टीचं त्या महिन्याचं सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि निघण्यापूर्वी वर्किंगच्या पहिल्या शीटवर, कुठल्या बिलापर्यंत टिक झालं, ते लिहून ठेवा.