'ग्लाइड' वापरताना या चुका टाळा

मी इंग्रजीचे वर्ग घेते. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘आय ग्लायडेड इन द बाथरूम अँड हर्ट माय एल्बो.’ तिने शब्दकोश उघडून पाहिला होता, आणि त्यात ‘ग्लाइड’पुढे ‘घसरत जाणे, सरकणे’ असंच छापलेलं होतं. म्हणजे मुलीने कष्ट घेतले होते, तरी वाक्य चुकलं. कारण ओल्या फरशीवर कोणी ‘ग्लाइड’ होत नाही, तिथे माणूस ‘स्लिप’ होतो.

गोंधळाचं मूळ आपल्या ‘घसरणे’ या क्रियापदात आहे. मराठीत ते फार कामं करतं. पाय घसरतो, जीभ घसरते, मूल घसरगुंडीवरून घसरतं आणि गाडीही रुळावरून घसरते. इंग्रजीत मात्र पाय आणि जीभ ‘स्लिप’ होतात, मूल ‘स्लाइड’ होतं आणि गाडी ‘डिरेल’ होते. या चारांत ‘ग्लाइड’ कुठेच नाही.

वर्गात मी एकच प्रश्न विचारायला लावते: तोल गेला का? गेला असेल तर ‘स्लिप’. तोल शाबूत आहे आणि वस्तू कशाला तरी टेकून सरकते आहे, तर ‘स्लाइड’: सरकतं दार, टेबलाचा खण, घसरगुंडीवरचं मूल. आणि हालचाल अलगद, संथ, धक्का न बसता होत असेल, करणाऱ्याला जराही जोर लागत नाहीये असं वाटत असेल, तर ‘ग्लाइड’. मराठीत त्याला नेमकं एक क्रियापद नाही. ‘अलगद’ हे क्रियाविशेषण जोडलं की अर्थ बसतो. बदक पाण्यावरून अलगद पुढे जातं, बर्फावर स्केटिंग करणारी मुलगी अलगद वळण घेते.

कधीकधी दोन्ही शब्द चालतात. बोरिक पावडर टाकलेल्या कॅरमवर स्ट्रायकर बोर्डाला टेकूनच जातो, म्हणून ‘स्लाइड’ बरोबर. पण पावडरीमुळे तो किती सुरेख, न अडखळता गेला हे सांगायचं असेल तर ‘ग्लाइड’ जास्त शोभतं.

भूतकाळ जपा. ‘स्लाइड’चा भूतकाळ ‘स्लिड’ होतो, म्हणून ‘ग्लाइड’चा ‘ग्लिड’ करू नका, तो ‘ग्लायडेड’च. उलट ‘स्लायडेड’ही चूक. ‘ग्लायडिंग’ लिहिताना शेवटचा ई गळतो, ‘स्लिपिंग’मध्ये पी दोनदा येतो.

‘ग्लाइड’ सहसा कर्म घेत नाही. ‘शी ग्लायडेड द प्लेट अक्रॉस द टेबल’ हे कानाला खटकतं. ताट दुसऱ्याकडे सरकवलं असेल तर ‘स्लिड’ म्हणा.

आता आकाशातली चूक, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुष्कळ जण ‘ग्लाइड’ म्हणजे नुसतं उडणं समजतात. भर दुपारी घारीकडे बघा. तापून वर चढणाऱ्या हवेवर ती पंख न हलवता घिरट्या घेत उंच जाते, ते ‘सोअर’. मग पंख तसेच पसरून हळूहळू उंची सोडत पुढे जाते, ते ‘ग्लाइड’. पंख फडफडवून गेली तर साधं ‘फ्लाय’. कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनाही हेच नियम लागू: इंजिन नाही, म्हणून ‘ग्लाइड’.

इंजिनाचा हा मुद्दा किती खरा आहे ते २३ जुलै १९८३ला कॅनडात दिसलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन मोजताना पौंड आणि किलोग्रॅमची गल्लत झाली, आणि सुमारे ४१,००० फुटांवर इंधन संपायला लागून दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते अवजड विमान इंजिनांविना गिमली इथल्या जुन्या धावपट्टीपर्यंत आणून उतरवलं आणि सगळे वाचले. तेव्हापासून त्या विमानाला ‘गिमली ग्लायडर’ म्हणतात. हा प्रसंग इंग्रजीत लिहायचा झाला तर ‘द प्लेन ग्लायडेड टू द रनवे’ असंच लिहा. ‘फ्ल्यू’ लिहिलंत तर इंजिनं बंद होती हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.